उजवा खांदा

तबास्कीला चार दिवस उरलेले.
मेदिनाच्या गल्लीत माणसांपेक्षा मेंढे जास्त,
आणि माझ्या दुकानात मेंढ्यांहून जास्त कापड.
यांदे आली ती मासळीचा वास पुढे पाठवूनच.
काखेत बाझँचा जांभळा तागा,
लाकडी दांड्यांनी ठोकून ठोकून काचेसारखा केलेला.
घडी मोडली की कडकड वाजायचा.

"नाही जमणार," मी म्हटलं.
ती बसली.
मासे विकणाऱ्या बाईला 'नाही' म्हणजे
भावाचा पहिला आकडा.

चाळीस वर्षं मी बायकांची मापं काढतोय.
(तुमच्या मनात आलं ते नव्हे.
ते काम शेजारणी फुकट करतात.)
टेप लावायच्या आधी जी ती हळूच सांगते
काय झाकायचं ते.
पोट. दंड. कुणी मान, कुणी वय.
मी मान डोलावतो. माझ्याकडे इलाज असतात:
बुटकीला उभं भरतकाम,
गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच नदी.
कंबर रुंद असेल तर घेर खालून सोडायचा, वरून नाही.
मान आखूड? मग गळा खोल,
आणि कानात लोंबतं काही नको,
सोन्याचा एक ठिपका पुरे.
डोक्याचा मुसोर उंच बांधला
की चार बोटं उंची उसनी मिळते,
व्याज पडत नाही.
कमरेच्या मण्यांबद्दल मी बोलत नाही.
ते दिसायला नसतात, चालताना ऐकायला असतात,
आणि ऐकणारा मी नव्हे.

यांदेने काहीच सांगितलं नाही.
दोन्ही हात पसरून उभी राहिली तराजूसारखी,
आणि तराजू कलता होता.
उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.
सुम्बेदिऊनच्या धक्क्यावरून
सव्वीस वर्षं त्या हातात बर्फाची बादली.
मी जुनी वही उघडली.
तिच्या लग्नाचं पान, माझीच पेन्सिल:
कंबर चौसष्ट. खांदे सारखे.
पान पिवळं पडलं होतं, आकडे मात्र
तिच्याहून तरुण राहिले होते.

"आतून कापसाची एक घडी घालतो," मी म्हटलं,
"खांदे सरळ दिसतील. कुणाला कळायचं नाही."
"आणि बादलीला काय सांगू?"

मग तिने ताग्याचं टोक अंगावर टाकलं.
ते उजवीकडून घसरलं
आपसूक, पाणी उताराला लागावं तसं.
या शहरातल्या पोरी ज्या घसरणीसाठी
आरशापुढे तासन्‌तास घालवतात,
बोटाने ओढतात, सावरतात, पुन्हा ओढतात,
ती हिच्या हाडातच होती.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या,
म्हणून बरं, काही बोललो नाही.

रात्री दीडला वीज गेली.
इब्बाने मोबाइलचा उजेड धरला.
शिवण उसवता येते हो,
बेतलेलं परत जोडता येत नाही.
गळा उजवीकडे तीन बोटं जास्त कोरला.
त्याच बाजूचा घेर दोन बोटं आखूड,
नाहीतर रस्ता झाडत गेली असती.
काठाला रुपेरी दोरा, फक्त त्या उघड्या
खांद्याच्या कडेने, जिथे नजर जाऊन थांबावी.
बाकी कापड गप्प ठेवलं.

तिने अर्धे पैसे दिले,
उरलेल्या अर्ध्याचा एक थिओफ,
पोटात बर्फ भरलेला.
कापडांना वास लागेल म्हणून
बायकोने तो दाराबाहेर टांगला,
आणि गल्लीतली मांजरं माझी गिऱ्हाइकं झाली.

सणानंतर तिघीजणी आल्या.
"यांदेसारखा गळा हवा. तस्साच घसरणारा."
मी टेप लावून पाहिली.
तिघींचे खांदे सरळ, फूटपट्टीसारखे.
"बादली उचला," म्हटलं,
"आणि सव्वीस वर्षांनी या."

हसल्या. मीही हसलो.
मग शिवून दिले; धंदा आहे.
पण त्यांना आतून
पिन लावावी लागते.